कमठा बोलला

बालाघाट
१९ नोव्हेंबर २०२४

ती. कमलाताईस शालिकचा नमस्कार.

आधी हिशोब, मग बाकीचं. श्रुतिकाच्या धनुष्याला खरं काय काय लागलं ते ऐक. धामणीचा एक सरळ बुंधा, भैयालालच्या बांधावरचा, वादळात आपोआप पडलेला. आठ महिने सावली, लाकूड वाळायला. भैयालालचे एकवीस दिवस. लामत्याला, त्याच्या गावी, माझ्या नऊ खेपा. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख, ते अजून काळं आहे. भैयालालच्या बिड्या मी मोजल्या नाहीत. आणि एक अंडं, जे त्याच्या कोंबडीनं बाजेवर घातलं आणि मी न पाहता त्यावर बसलो. त्याची बायको त्या दिवसापासून मला "आओ सेठ, देख के बैठो" असंच म्हणते.

तुझी नात नेमबाजीत जिल्ह्यात पहिली आली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, शाळेतलं ते कारखान्याचं धनुष्य राहू दे, शालिकआजा तुला खरं शिकारीचं देईल. शब्द पाळला. हे शोभेचं नाही बरं. भैयालाल मरावीच्या आज्यानं असल्याच धनुष्यानं रानडुकरं पाडली. आता शिकार बंद आहे, पण त्या घराचे हात काही विसरले नाहीत. तो धनुष्याला कमठा म्हणतो. मीही आता कमठाच म्हणतो.

एक रंधा घेऊन मी कटंगीहून इथं आलो, आज माझी स्वतःची आरा मशीन आहे. तेव्हा साहजिकच मी म्हटलं, "भैयालाल, बुंधा मशीनवर चिरून देतो, दोन मिनिटांत सरळ पट्टी." तो हसला. "चीरोगे तो पलंग बनेगा, सेठ. कमठा फाड़ के बनता है." आणि पाचर ठोकून त्यानं बुंधा फाडला. लाकूड आपल्या रेषेनं जसं उघडत गेलं तसं जाऊ दिलं. सालीखालची बाजू ती कमठ्याची पाठ. तिला हत्यार लावायचं नाही. जे काय काढायचं ते पोटाकडून, आधी वाकसानं, मग काचेच्या तुकड्यानं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं. थोडं खरवडायचं, थोडं वाकवायचं, चार पावलं मागं जाऊन पाहायचं. एक बाजू ताठ राहिली तर तिचं पोट आणखी खरवडायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. "एक भाई काम टालेगा तो दूसरा मरेगा," असं तो म्हणतो. मापासाठी फूटपट्टी नाहीच. मोबाईलवर श्रुतिकाला समोर उभं करून म्हणाला, "बिटिया, हाथ फैलाओ," आणि काडीवर खूण केली.

मागच्या महिन्यात कमठा घरी आणून मी थोडी सफाई केली, दुकानाच्या इज्जतीला शोभेल अशी, आणि तीन हात पॉलिश मारलं. दोरी चढवायला परत लामत्याला नेला. भैयालालनं उलटा-सुलटा करून पाहिला. "पीठ को हाथ लगाया क्या?" मी म्हटलं, पॉलिश आहे नुसतं. त्यानं अंबाडीची दोरी चढवली, हळूहळू ओढली, मान वाकडी करून कान लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सेठ, ये बोल रहा है."

ताई, एवढ्या वर्षांत असं सर्टिफिकेट मला कोणी दिलं नव्हतं. लाकूड ठोकल्यावर बोललं पाहिजे, हे मी आमच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. मुकं लाकूड आतून किडलेलं असतं. मी म्हटलं, "बोलेगा ही, किसका है!" तर म्हणतो, "अब ये दीवार का है, सेठ. दीवार पे टाँगो. बिटिया को मैं दूसरा बना दूँगा." बघ कसा पक्का धंदेवाला. आधी तारीफ, लगेच दुसरी ऑर्डर. मी हौ-हौ म्हटलं आणि निघालो.

लाकडाची परीक्षा डोळ्यानं करणारे पुष्कळ आहेत. मी कानानं करतो, आणि सगळं बालाघाट हे जाणतं. या पावसाळ्यात रातकिडे आलेच नाहीत. फवारण्यांनी मेले बिचारे. कोणाच्या ध्यानातही आलं नाही, माझ्या कानानं पकडलं.

कमठा आणि हे पत्र तुमसरच्या बसच्या राजू कंडक्टरजवळ देतोय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचा मजकूर घरातले सगळे वाचतात, म्हणून आपला कागदच बरा.

तुझा
शालिक

---

तुमसर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. शालिकले कमलाचा आशीर्वाद.

राजूनं कमठा आणून दिला. चकाकते मोठा. घरात सगळ्यांनी हात लावून पायला, मंग म्या पुसून ठेवला.

पयले एक सांग. तू कागदावर दुकानाच्या पाटीसारखं मराठी काहून लिहितोस? घरी मले-तुले म्हणतोस, पत्रात मला-तुला. म्या काय गिऱ्हाईक आहो?

आता कामाचं. पोरीनं अंगणात दोरी ओढली तवा म्या मुठीजवळ बोटं लावली होती. मले ऐकू येत नाही त म्या हातानं पाहते, भाकर शिजली का तेही बोटानंच समजते मले. पूर्ण ओढत आली तवा बोटाले मुंगी चावल्यासारखं झालं. एकदाच. पुन्हा ओढली त पुन्हा, त्याच जागी. पोरगी म्हणते, "आजी, टिक् वाजलं." हे असं असते का कमठ्याचं? भैयालालले विचार आणि तो काय म्हणते ते लिही. विचारल्याबिगर पोरगी बाण लावणार नाही, म्या तिले तसं सांगून ठेवलं.

तिच्या शाळेच्या महेंद्र सरांनी कमठा पायला. लहान पोरांसाठी असे बारा पाहिजेत म्हणाले. भैयालालले सांगजो, त्याच्या हाताले काम होईल. १४ डिसेंबरले शाळेचं संमेलन आहे. श्रुतिका स्टेजसमोर ह्याच कमठ्यानं नेम मारणार म्हणते.

ती म्हणते, शालिकआजाले फोनवर सगळं दोनदा सांगावं लागते. म्या म्हटलं, आपल्या खानदानात एकच बहिरी आहे, ते म्या.

कमला

---

बालाघाट
२ डिसेंबर २०२४

ती. कमलाताईस,

तुझं पत्र वाचून हसू आलं. टिक्? मी तो कमठा तीस वेळा ओढून पाहिला, दुकानात, अगदी कानाशी धरून. काही वाजत नाही. आणि जे माझ्या कानाला आलं नाही ते नाहीच, हे लिहून ठेव. पोरीच्या बांगडीचा आवाज असेल.

फोनवर दोनदा सांगावं लागतं ते नेटवर्कमुळे. आमच्याकडे टॉवर लांब आहे, आणि ती बोलते चिमणीसारखी.

भैयालालला विचारलं. म्हणाला, नवं लाकूड आहे, बसतंय, काळजी नको. बारा कमठ्यांचं ऐकून खूश झाला. बायकोला म्हणाला, "सेठ को अंडा माफ."

आणि ताई, राग मानू नकोस, पण कान गेले की हाताला भास व्हायला लागतात. मुंग्या चावतात, भुतं शिवतात. तू भाकरीपुरता हात वापर. लाकूड माझ्यावर सोड. पोरीला बिनधास्त बाण लावू दे.

चौदा तारखेला मला यायला जमणार नाही. भरवेलीच्या एका पार्टीचं लग्नाचं फर्निचर त्याच दिवशी पोचवायचं आहे. पण फोटो पाठवायला सांग. खाली आजाचं नाव यायला पाहिजे.

शालिक

---

तुमसर
१६ डिसेंबर २०२४

शालिक,

कमठा तुटला.

परवा, संमेलनात. पोरीनं पयला बाण मारला, नेमका लागला, लोकांनी टाळ्या मारल्या. दुसरा ओढला तवा कमठ्याची वरची बाजू फाटली आणि लाकडाची चिपाट तिच्या डाव्या डोळ्याखाली घुसली. चार टाके पडले. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, करंगळीच्या नखाएवढं वर असतं त गेला असता.

मले आवाज आला नाही. टाळ्या वाजवणारे हात एकदम थांबलेले दिसले, मंग पोरीनं तोंडावर धरलेला हात दिसला, आणि त्या हाताच्या बोटांतून.

महेंद्र सर स्टेजवरून म्हणाले, जंगलातल्या लोकांजवळून वस्तू घेतली की असंच होते. बारा कमठे नको म्हणाले. सगळ्या गावानं ऐकलं. मले नंतर लिहून दाखवलं.

तू भैयालालले विचारलं होतं ना? तो काय म्हणाला होता, शब्द जसाचा तसा लिही. तुझे कान चांगले आहेत त तुले आठवत असंल.

कमला

---

बालाघाट
२० डिसेंबर २०२४

ती. कमलाताईस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. देवानं डोळा वाचवला. श्रुतिकाला सांग, आजा येईल. औषधपाण्याचं सगळं माझ्याकडे.

हे कोणाचं काम ते मला माहीत आहे आणि मी ते तिथंच निपटवून आलो. काल लामत्याचा बाजार होता. भैयालाल त्याच्या नेहमीच्या जागी, मिरचीवाल्याच्या शेजारी, कुऱ्हाडीचे दांडे विकत बसला होता. मी गाडीतून उतरून उभ्यानंच सुरुवात केली. म्हटलं, तुझ्या हाताला काय लकवा मारला होता? पोरीचा डोळा गेला असता. एकवीस दिवस काय खरवडत बसला होतास? भर बाजार होता. मिरचीवाला तागडी धरून तसाच राहिला. दोन माणसांनी हातातले दांडे परत ठेवले आणि पुढं गेले.

भैयालालनं आधी विचारलं, "बिटिया चला रही थी? वही वाला?" मी म्हटलं, नाही तर काय पूजेला ठेवणार होतो? त्यानं हातातला दांडा खाली ठेवला. मग म्हणाला, "मैंने तो बोला था, सेठ. बोला था कि बोल रहा है." बघ, कसा माणूस आहे. स्वतःच्याच तारिफेची ढाल करतो. मी म्हटलं, हौ, बोललास, चांगलं बोललास, आता गप बस. त्याच्या बायकोनं दांडे गोळा केले आणि बाजार अर्धा असतानाच दोघं उठून गेली.

म्हणजे तू म्हणालीस तसा शब्द जसाचा तसा लिहिला. माझे कान अजून शाबूत आहेत.

तुटलेला कमठा जाळून टाक. घरात ठेवू नये.

शालिक

---

तुमसर
२८ डिसेंबर २०२४

शालिक,

जाळला नाही. राजूजवळ एक तुकडा पाठवते आहे, चिंधीत बांधला आहे. वरच्या बाजूचा, जेथून फाटला तेथचा. उजेडात धर आणि पाठीवरून बोट फिरव. पॉलिशच्या खाली आडवे ओरखडे लागतात. तेथं एक गाठ होती, कोणीतरी घासून सपाट केली आहे. फाट तेथूनच सुरू झाली. पोरीनं भिंगातून पायलं, म्या बोटानं. दोघींचं एकच आलं.

पाठीले हत्यार लावत नाही हे तूच लिहिलं होतं, पयल्या पत्रात. म्या सगळे पत्र पुन्हा काढून वाचले. त्याच पत्रात "थोडी सफाई" लिहिली आहे. भैयालालजवळ काच आहे, वाकस आहे. कानस कोणाजवळ आहे रे? देवानं तुले कान दिले, तू कानस वापरली.

आता त्या बोलण्याचं. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारतो, बोललं त चांगलं. पण भरलेली काचेची बरणी बोलली त आपण काय करतो? हात मागे घेतो. बोलणं एकच, वस्तू येगळी. भैयालालनं तुले सांगतलं की हा आतून तुटून राह्यला, भिंतीवर लटकव, पोरीले दुसरा देतो. त्यानं तीनदा सांगतलं, शालिक. तू तीनदा शाबासकी ऐकली.

आणि दोन डिसेंबरच्या पत्रात तू लिहिलं की भैयालालले विचारलं. पण बाजारात त्यानं तुले विचारलं, "बिटिया चला रही थी?" म्हणजे त्याले माहीतच नव्हतं. मंग तू कोणाले विचारलं होतं?

पोरीनं अजून एकदाही डोळ्याबद्दल काही म्हटलं नाही. ती एवढंच विचारते, "आजी, ते हाथ फैलाओवाले आजोबा माझ्यावर रागावले असतील का?"

या पत्राचं उत्तर घाईनं लिहू नको.

कमला

---

बालाघाट
१९ जानेवारी २०२५

ताई,

तीन आठवडे झाले. चार पत्रं लिहिली आणि फाडली. सगळी पाटीवरच्या मराठीत होती. त्या मराठीत माह्यानं चांगलं खोटं बोलता येते, म्हणून आता हे बोलतो तसंच लिहून राह्यलो.

भैयालालले म्या विचारलं नव्हतं. एका कागदासाठी लामत्याले कोण जाते, म्हणून बसल्या जागी त्याचं उत्तर तयार केलं. अंडा माफ, हेही माह्यंच. तो आणि त्याची बायको त्या दिवशी कोठी होते, काय करत होते, मले माहीत नाही. त्यायच्या तोंडात म्या शब्द टाकले आणि त्या शब्दांवर पोरीनं बाण लावला.

गाठ म्याच घासली. पाठीवर होती, बोराच्या बीएवढी. भैयालाल म्हणाला होता, "इसको रहने दो, ये मालिक है." मले वाटलं, गिऱ्हाइकानं पायलं त काय म्हणंल, शालिकरामच्या दुकानातून गाठीचा माल गेला. कोणतं गिऱ्हाईक, ताई? माह्यीच नात. पवन, माहा पोरगा, समोर बसला होता. म्हणाला, "बाबा, पाठीले नाही लावत म्हणे." म्या त्याले म्हटलं, धंदा तू शिकवशील आता?

तुहा तुकडा गल्ल्यापाशी ठेवला आहे. रोज बोट फिरवतो. ओरखडे मोजता येतात.

मागच्या गुरुवारी लामत्याचा बाजार पुन्हा होता. गेलतो. गाडी लांब उभी केली. भैयालाल होता, दांडे मांडून, पण मिरचीवाल्याच्या शेजारी नाही. मांसाच्या दुकानामागं, जेथं कोणी फिरकत नाही. म्या खाली बसलो, देखून बसलो, आणि म्हटलं, भैयालाल, पीठ को हाथ मैंने लगाया था. गाँठ मैंने घिसी. तुमसे झूठ बोला. माफ करो.

तो दांडा पुसत राह्यला. मंग म्हणाला, "सेठ, उस दिन तो बहुत जोर से बोले थे. आज इतना धीरे काहे बोल रहे हो?"

ताई, म्या मागं वळून पायलं. आजूबाजूले ओळखीचे लोक, अर्ध्याहून जास्त माह्ये गिऱ्हाईक. शेवटी उठलो, मिरचीवाल्यापाशी गेलो, जेथं त्या दिवशी उभा होतो तेथंच उभा राह्यलो, आणि ओरडून सांगतलं. की कमठा भैयालालनं बरोबर बनवला होता. म्या बिघडवला. त्यानं सांगतलं होतं चालवू नको, म्या चालवाले दिला. पोरीले लागलं ते माह्या हातानं. मिरचीवाल्यानं त्या दिवसासारखीच तागडी धरून ठेवली होती. एक म्हातारा कोणाले तरी म्हणाला, "पी के आया है."

परत येऊन बसलो त भैयालाल म्हणाला, "मिर्ची का भाव भी बता देते." त्याची बायको तोंडाले पदर लावून हसली. तो नाही हसला. म्हणाला, "जो दो गाहक उस दिन हाथ का माल रख के चले गए, वो आज बाजार नहीं आए, सेठ. उनको कौन बताएगा?"

मंग त्याले तू लिहिलं ते सांगतलं, मडकं आणि बरणी. त्यानं ऐकलं, मान डोलवली. म्या म्हटलं, तुम बोले "बोल रहा है", मैं समझा तारीफ है. शब्द का फेर हो गया. मले वाटलं, हे तरी तो मानंल. अर्धा गुन्हा तरी शब्दावर जाईल.

तो म्हणाला, "शब्द का फेर मान लिया. पर सेठ, शब्द के पहले आवाज़ आई थी. आपके बाजू में ही तो खड़ा था मैं. आपने आवाज़ नहीं सुनी?"

म्या म्हटलं, आवाज़ तो थी ही नहीं.

त्यानं माह्याकडे पायलं. मंग दांड्यांमधून एक तडकलेली काडी काढली, पाठीमागं धरली आणि वाकवली. "बोली?" नाही. पुन्हा वाकवली. "अब?" नाही. म्या डोळे मिटून, श्वास धरून ऐकत होतो. मागं खाटकाचा सुरा आपटत होता, तो ऐकू येत होता. दोन बाया भांडण करत होत्या, त्यायचा शब्दनशब्द सांगतो तुले पाहिजे त. काडी तो वाकवतच होता, तिचा काही नाही. त्याची बायको बोटं मोजत होती. "पाँच बार बोली, सेठ," ती म्हणाली, आणि आता तीही हसत नव्हती.

भैयालाल म्हणाला, "बिटिया का नया कमठा मैं बनाऊँगा. उसको यहाँ लाओ, हाथ नापूँगा. आप मत आना."

महेंद्र सरायच्या शाळेले म्या चिठ्ठी लिहिली, सगळं खरं, माह्या सहीनं. उत्तर आलं की यंदा बारा कमठ्यांचं जमत नाही, पुढच्या वर्षी पाहू. म्हणजे भैयालालचं काम गेलं ते गेलंच.

तू मुंगी चावली म्हटलं होतं, आणि म्या लिहिलं होतं की कान गेले की हाताले भास होतात. ते वाक्य मले पाठ आहे. रोज आठवते, दिवसातून दोन-तीनदा, आरा मशीनसमोर उभा राह्यलो की हमखास. तुह्या बोटाले कळलं, पोरीच्या कानाले कळलं, भैयालालले कळलं. माह्यंच राह्यलं.

काल गोंदियाले जाऊन कान दाखवले. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे लावले, म्हणाले, आवाज आला की बटन दाबा. म्या बराच वेळ बटन धरून बसलो. मले वाटलं मशीन सुरूच झाली नाही. डॉक्टरीनबाई चांगली होती. म्हणाली, माणसायचं बोलणं तुम्हाले अजून बऱ्यापैकी ऐकू येते, पण बारीक आवाज दोन्ही कानांतून गेले, दहा-बारा वर्षं झाली असतील. विचारलं, काम काय करता? म्या म्हटलं, लाकडाचं. "मशीनीजवळ?" हौ. "कानात बोळे घालत होते?"

पुढच्या रविवारी तुमसरले येतो. पोरीसमोर कसा उभा राहू ते माहीत नाही. तू दारातच थांबजो.

घरी आल्यावर पवनले विचारलं, या पावसाळ्यात रातकिडे होते का रे? तो म्हणाला, "होते ना बाबा. दरवर्षीसारखेच होते."

शालिक